कोंबडीच्या पायावर पिसं कशी उगवली: व्हायरस वापरून कातडीचा अभ्यास कसा करतात

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवून साधारण सात दिवस झाले की आतल्या पिल्लाच्या पाठीवर, बरोब्बर कण्याच्या वर, बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसायला लागते. मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी ओळी येतात, आणि नवीन ओळीतले ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेसमोर बसतात, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची रचना आपोआप तयार होते. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे पुढे होणारं एक पीस. आदल्या दिवशी तिथे नुसती सपाट कातडी होती. मला वाटतं जीवशास्त्रात इतकं साधं दिसणारं आणि इतकं खोल जाणारं दृश्य फार कमी आहे.

आता प्रश्न असा की अमुक जागी ठिपका यायचा आणि शेजारी मोकळी जागा राहायची हे ठरवतं कोण? कातडीच्या सगळ्या पेशींमध्ये जीन्स तर तेच असतात. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर कुठल्या पेशीत कुठला जीन चालू आहे हे रंगवून बघितलं, आणि ठिपक्यांमध्ये बरेच जीन्स चालू सापडले, सॉनिक हेजहॉग, बीएमपी, बीटा-कॅटेनिन वगैरे (जीनचं जे नाव तेच त्यापासून बनणाऱ्या प्रोटीनचं). फोटो सुंदर येतात. पण खरी अडचण इथेच आहे, कारण एखादा जीन ठिपक्यात चालू दिसला म्हणजे ठिपका त्यानेच बनवला असं होत नाही. रस्त्यावर छत्र्या उघडलेल्या दिसल्या की पाऊस असतोच, पण पाऊस काही छत्र्यांमुळे पडत नाही. जीन कारण आहे की नुसता सोबतीला आहे हे कळायचं तर तो जिथे नाही तिथे मुद्दाम चालू करायला हवा, किंवा जिथे आहे तिथे बंद पाडायला हवा, आणि मग पीस येतं का बघायला हवं. तेही जिवंत पिल्लात, अंड्याच्या आत, वाढ सुरू असताना. पेशीत जीन घुसवायचं हे काम व्हायरस इतका चांगला करतो की आपण दुसरं काही शोधायच्या आधी त्याच्याकडेच गेलो यात नवल नाही.

यातली गंमत म्हणजे कोंबडीसाठी जो व्हायरस सगळ्यात जास्त वापरला जातो तो कोंबडीतच सापडलेला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं की कोंबडीच्या एका गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून काढला की त्यात एकही पेशी उरणार नाही, तरी तो दुसऱ्या कोंबडीला टोचल्यावर कॅन्सरची गाठ येते. म्हणजे गाठ पसरवणारं काहीतरी पेशीपेक्षाही लहान होतं. तोच राऊस सार्कोमा व्हायरस. त्यांना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी. हा रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे याचा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो, पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या एन्झाइमने त्याचा डीएनए बनवतो (हे एन्झाइम १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून शोधलं) आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा शिवून टाकतो. पेशीचे दोन भाग झाले, चार झाले, हजार झाले, सगळ्यांत तो जातो. गर्भाच्या अभ्यासाला नेमकं हेच पाहिजे, कारण तिसऱ्या दिवशी घातलेली गोष्ट दहाव्या दिवशीही तिथे असायला हवी.

राऊसच्या व्हायरसमध्ये आणखी एक सोय होती. व्हायरसला जगायला आणि वाढायला लागणारे जीन्स तीनच, गॅग, पोल आणि एन्व्ह. पण याच्याकडे चौथा एक जीन होता, सार्क, जो त्याने कधीतरी कोंबडीच्या पेशीतूनच उचललेला होता आणि गाठी होण्याचं मूळ तोच होता. व्हायरसला स्वतःसाठी त्याची काहीच गरज नाही. म्हणजे हा व्हायरस आधीपासूनच एक जास्तीचा जीन वाहून नेत होता, माणसाने फक्त तो उतरवून त्या जागी आपल्याला हवा तो जीन बसवला. १९८० च्या दशकात स्टीफन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी असा जो वाहक तयार केला त्याला आरकास म्हणतात. सार्क गेला म्हणून झटपट गाठी करायची ताकद गेली, पण पसरायची ताकद तशीच राहिली, एका पेशीतून बाहेर पडून तो शेजारच्या पेशीत शिरतो, तिथून पुढच्या. बाकी बहुतेक व्हायरल वेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारे असे व्हायरस, मुद्दाम लुळे केलेले असतात, एकदा शिरले की संपलं, पुढे पसरत नाहीत. आरकास पसरतो, म्हणूनच टोचताना थोडा लागतो आणि काही दिवसांत मोठा भाग व्यापतो.

त्यात जागा मात्र कमी, साधारण डीएनएच्या अडीच हजार अक्षरांचा जीन मावतो, त्याहून मोठा नाही. खूप महत्त्वाचे जीन्स एवढ्या कारणाने बाद होतात किंवा त्यांचा फक्त कामाचा तुकडा घालावा लागतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. आधी व्हायरस वाढवायचा, तो डीएफ-वन नावाच्या कोंबडीच्या पेशींमध्ये, त्या डिशमध्ये न थांबता वाढत राहतात. पेशींवरचं पाणी गोळा करायचं, खूप वेगाने फिरवून व्हायरस तळाला बसवायचा आणि इतका घट्ट करायचा की एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी किंवा त्याहून जास्त संसर्ग करू शकणारे कण असतील. पातळ व्हायरसने काम भागत नाही, कारण गर्भात टोचायची जागा एवढीशी असते की थेंबही पूर्ण जात नाही. मग अंड्यातून सुईने थोडं पांढरं काढून घ्यायचं म्हणजे गर्भ कवचापासून खाली बसतो, वर छोटी खिडकी कापायची, काचेच्या केसासारख्या बारीक सुईने व्हायरस सोडायचा, त्यात हिरवा रंग मिसळलेला असतो म्हणजे गेला कुठे ते दिसतं, आणि चिकटपट्टीने खिडकी बंद करून अंडं परत उबेत ठेवायचं. पिल्लू वाढत राहतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता की कवच कापूनही आतला जीव नीट वाढू शकतो, पण वाढतो, आणि कोंबडीचा गर्भ इतका लाडका असण्याचं एक मोठं कारण तेच आहे.

या सगळ्यात सगळ्यात जास्त डोकं कुठे लागतं तर वेळ ठरवण्यात. व्हायरस टोचला आणि लगेच जीन चालू झाला असं होत नाही, पेशीत शिरणं, डीएनए बनणं, तो शिवला जाणं, मग प्रोटीन तयार होणं, यात जवळपास एक दिवस जातो, आणि पसरून मोठा भाग व्यापायला आणखी एक-दोन दिवस. शिवाय हा व्हायरस विभागणाऱ्या पेशींमध्येच नीट बसतो. त्यामुळे सातव्या दिवशी उठणाऱ्या ठिपक्यांवर परिणाम बघायचा असेल तर टोचायचं तिसऱ्या दिवशी, जेव्हा कातडीवर पिसांचा मागमूसही नसतो. आणि दिवस मोजून पुरत नाही, कारण उबेत थोडा फरक पडला तरी एकाच दिवसाची दोन अंडी पुढेमागे असतात, म्हणून १९५१ मध्ये हँबर्गर आणि हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या गर्भाचे जे ४६ टप्पे शरीराची ठेवण बघून ठरवले तेच आजही वापरतात.

दुसरी गोष्ट थराची. कातडी म्हणजे एक थर नाही, वर एपिडर्मिस आणि खाली डर्मिस, आणि पीस हे दोघांच्या संवादातून बनतं. १९५० च्या दशकातच जॉन सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या भागातला खालचा थर पंखाच्या जागी लावून दाखवलं होतं की मग पंखावर मांडीसारखी पिसं येतात, म्हणजे कुठल्या प्रकारचं पीस हा निरोप खालून वर जातो. या दोन थरांच्या मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा पातळ पडदा असतो आणि आरकास तो सहसा ओलांडत नाही. ही अडचण वाटेल पण हा मोठा फायदा आहे, कारण गर्भाभोवतीच्या पाण्यात व्हायरस सोडला तर तो वरच्या थरातच राहतो, आणि आत, खालचा थर ज्यापासून होणार त्या पेशींमध्ये टोचला तर खालीच पसरतो. म्हणजे तोच जीन वरून बोलला तर काय होतं आणि खालून बोलला तर काय होतं हे वेगवेगळं विचारता येतं.

आता उत्तरं काय मिळाली ते बघू, कारण माझ्या मते खरा आनंद तिथे आहे.

बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन पेशीत सतत बनतं आणि सतत मोडलं जातं, विंट नावाचा सिग्नल आला तरच ते टिकतं आणि न्यूक्लियसमध्ये जाऊन जीन्स चालू करतं. ब्रूस मॉर्गन यांच्या गटाने १९९९ मध्ये व्हायरसमधून असं बीटा-कॅटेनिन वरच्या थरात घातलं जे मोडतच नाही, म्हणजे सिग्नल आला नाही तरी पेशीला वाटावं की आलाय. आणि पिसांचे अंकुर भलत्याच जागी उगवले. दोन ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उगवले, आणि जिथे कधीच पिसं येत नाहीत अशा उघड्या कातडीवरसुद्धा उगवले. म्हणजे हा एक सिग्नल पीस सुरू करायला पुरेसा आहे, आणि शेजारचा ठिपका जो "इथे येऊ नकोस" म्हणत असतो त्यालाही तो जुमानत नाही. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की असे अंकुर वेड्यावाकड्या दिशेने वाढतात आणि लांब झालेल्या पिसांवर आणखी उंचवटे फुटतात, कारण नेहमीच्या पिसात हा सिग्नल ठराविक जागीच चालू असतो आणि इथे तो सगळीकडे चालू ठेवलाय. सुरुवात करायला पुरेसा, पण आकार द्यायला तो योग्य जागीच हवा. एकाच प्रयोगातून दोन उत्तरं.

मग "येऊ नकोस" म्हणणारा कोण? तो बीएमपी निघाला. आणि इथे छत्रीवाली गोष्ट परत आठवा, कारण बीएमपी ठिपक्यातच बनतो, तर फोटो बघून कोणीही म्हणेल की हा पीस बनवणारा आहे. पण १९९८ च्या कामात बीएमपी व्हायरसमधून कातडीभर दिला तर पिसं जास्त यायच्या ऐवजी आलीच नाहीत. तो ठिपक्यात बनतो, बाहेर झिरपतो आणि आजूबाजूच्या पेशींना थांबवतो, म्हणून दोन पिसांत अंतर राहतं. १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी कागदावर मांडलं होतं की दोन रसायनं एकमेकांवर परिणाम करत वेगवेगळ्या वेगाने पसरली तर एकसारख्या मिश्रणातूनही आपोआप ठिपके किंवा पट्टे उठू शकतात. चालना देणारं जवळच राहतं आणि थांबवणारं लांब जातं असं हे गणित सोप्या भाषेत सांगतात. कोंबडीच्या पाठीवर त्या जातीचं काहीतरी खरंच घडतंय (पेशींची ओढाताण आणि गर्दी हेही त्यात आहे असं गेल्या काही वर्षांत दिसलंय, तो वेगळा मोठा विषय).

पण मला सगळ्यात जास्त भावलेला प्रयोग १९९६ चा, हाँगयान झू आणि ली निस्वांडर यांचा. त्यांनी बीएमपी वाढवला नाही, त्याचं ऐकणंच बंद केलं. बीएमपी पकडणारं जे रिसेप्टर प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर असतं त्याची बिघडवलेली आवृत्ती व्हायरसमधून कोंबडीच्या वाढत्या पायात घातली, ती बीएमपी पकडते पण आत निरोप देत नाही आणि चांगल्या रिसेप्टरचंही काम अडवते. दोन गोष्टी झाल्या. कोंबडीच्या बोटांमधली कातडी नेहमी मरून जाते आणि बोटं सुटी होतात, ती मेली नाही, पाय बदकासारखे पडदेवाले झाले. आणि पायावर जिथे खवले यायचे तिथे पिसं आली. खवल्याच्या जागी पीस! म्हणजे पायाच्या कातडीत पीस करायची कुवत आधीपासून आहे, ती दाबून ठेवलेली आहे, आणि बीएमपीचा निरोप त्या दाबून ठेवण्यात सामील आहे. पुढे २००० च्या सुमाराला चेंग-मिंग चुओंग यांच्या गटाने न मोडणारं बीटा-कॅटेनिन घालूनही पायाच्या खवल्यांच्या काही भागाचे पिसांचे अंकुर झालेले दाखवले. दोन वेगळ्या दारांतून आत गेलं तरी त्याच खोलीत पोचलो, असं झालं की निष्कर्षावर माझा विश्वास खूप वाढतो.

व्हायरस फक्त गर्भातच वापरता येतो असंही नाही. पीस उपटलं की त्याच खळगीतून नवीन पीस येतं, म्हणजे मोठ्या कोंबडीतही पीस बनण्याची क्रिया परत पहिल्यापासून सुरू करता येते. चुओंग यांच्याच गटाने २००२ मध्ये पिसं उपटून त्या खळग्यांमध्ये व्हायरस टोचले आणि नवीन आलेली पिसं बघितली. पीस आधी एका बंद नळीसारखं वाढतं, नळीच्या भिंतीत उभ्या घड्या पडतात, दोन घड्यांच्या मधल्या पेशी मरतात आणि नळी उघडली की मधला दांडा आणि त्याच्या फांद्या सुट्या होतात. बीएमपी जास्त दिला तर दांडा जाड झाला आणि फांद्या एकमेकींत मिसळल्या. नॉगिन नावाचं प्रोटीन बीएमपीला पकडून निकामी करतं, ते जास्त दिलं तर उलटं, दांडाच फुटून त्याच्या फांद्या वाढल्या. आणि सॉनिक हेजहॉगचं काम अडवलं तर मधल्या पेशी मेल्याच नाहीत, दोन फांद्यांमध्ये पडदा तसाच राहिला. म्हणजे पिसाचा तो नाजूक आकार बराचसा यावर उभा आहे की कुठल्या पेशींनी वेळेवर मरायचं.

एवढं वाचून वाटेल की टोचा आणि उत्तर घ्या, पण या पद्धतीचे चटके बरेच आहेत. व्हायरस सगळीकडे सारखा पसरत नाही, डाग-डागाने पसरतो, म्हणून पिल्लू काढल्यावर आधी व्हायरसचं प्रोटीन रंगवून बघावं लागतं की तो पोचला कुठे, नाहीतर "परिणाम नाही" म्हणताय तिथे व्हायरसच नव्हता असं व्हायचं. हे डाग उपयोगीही पडतात कारण एकाच पिल्लावर शेजारीशेजारी व्हायरस असलेली आणि नसलेली कातडी मिळते. पण यात एक फसवी जागा आहे, बीटा-कॅटेनिन पेशीच्या आतच राहतं, तर नॉगिन किंवा बीएमपी बाहेर झिरपतात, म्हणजे ज्या पेशीत व्हायरस नाही तिच्यावरही परिणाम दिसू शकतो, आणि डागाच्या बाहेरची कातडी "नॉर्मल" धरली तर चुकीचं उत्तर निघतं. शिवाय जीन कायम चालू राहतो, त्याला बंद करायचं बटण साध्या आरकासमध्ये नाही, तर सातव्या दिवशी जे दिसलं ते पाचव्या दिवशीच्या बिघाडाचं फळ असू शकतं. व्हायरस डीएनएमध्ये कुठे शिवला जाईल तेही आपल्या हातात नसतं. आणि काही कोंबड्यांच्या वंशात या व्हायरसला लागणारं रिसेप्टरच नसतं, त्यांच्या अंड्यांत कितीही टोचा, आत शिरणारच नाही, म्हणून अंडी कुठल्या कोंबड्यांची हे आधी माहीत असावं लागतं. म्हणूनच रिकामा किंवा नुसतं चमकणारं प्रोटीन असलेला व्हायरस टोचलेली पिल्लं सोबत ठेवणं हे शोभेचं काम नाही, त्याशिवाय बाकीच्या फोटोंना अर्थच राहत नाही.

हे सगळे धोके बघून हल्ली बरेच जण विजेचा छोटा झटका देऊन डीएनए पेशीत घालतात, इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात त्याला. ते काही तासांत काम करायला लागतं, मोठा जीनही चालतो, पण जिथे झटका दिला तेवढ्याच जागी, आणि डीएनए शिवला गेला नाही तर पेशी वाढताना पातळ होत जातो. कुठलं वापरायचं हे प्रश्नावर अवलंबून आहे, तासांचा प्रश्न असेल तर वीज, पाठभर कातडीचा आणि आठवड्याचा प्रश्न असेल तर मी अजूनही व्हायरसच म्हणेन.

माणसाला यातून धोका किती असं नेहमी विचारलं जातं. नेहमीच्या आरकासला पेशीत शिरायला पक्ष्यांच्या पेशीवरचं एक खास रिसेप्टर लागतं, माणसाच्या पेशीवर ते नसतं. तरी प्रयोगशाळेत तो नियम पाळूनच हाताळतात, आणि कोंबड्यांना तो लागू शकतो म्हणून टोचलेली अंडी वेगळी ठेवून शेवटी नीट नष्ट करतात.

केस असलेल्या प्राण्यात हेच करायचं तर अंडं नाही, गर्भ आईच्या पोटात. तिथे इलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये एक जबरदस्त युक्ती दाखवली. उंदराच्या गर्भाची कातडी साडेनवव्या दिवशी फक्त एका पेशीच्या जाडीची असते. अल्ट्रासाउंडवर बघत बघत बारीक सुई गर्भाभोवतीच्या पाण्यात नेऊन तिथे लेंटिव्हायरस सोडायचा, हा एचआयव्हीच्या घराण्यातून घेतलेला पण पसरू न शकणारा वाहक, तो एकदाच शिरतो. त्या दिवशी जी पेशी पाण्याला लागून आहे तिला तो लागतो, आणि पुढे त्याच पेशींपासून सगळी एपिडर्मिस आणि केसांची मुळं होतात, तर एका टोचण्यात जन्मभराची कातडी बदलते. एक-दोन दिवस उशीर झाला की वर दुसरा थर येतो आणि खालच्या पेशी झाकल्या जातात. पुढे त्यांनी असेच हजारो वेगवेगळे जीन-बंद-करणारे व्हायरस एकत्र मिसळून सोडले, प्रत्येक पेशीत वेगळा, आणि नंतर कुठल्या पेशींची पिलावळ वाढली आणि कुठल्यांची संपली ते मोजलं.

हे तंत्र पक्ष्यांच्या कातडीवर त्याच प्रमाणात चालवता आलं तर मला सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायला आवडेल, पायाच्या खवल्यांमध्ये एकेका पेशीत एकेक जीन बंद करून कुठल्या ठिकाणी पीस डोकं वर काढतं ते. बीएमपी त्या यादीत असणार हे १९९६ पासून दिसतंय. बाकीची नावं किती आणि कुठली, हे त्या खवल्यांमधूनच बाहेर येईल.